कयाकवरची सुरक्षादोरी: काय बांधावे आणि काय मोकळे ठेवावे?

ओलीदोरी (धागाकर्ता)

गेल्या दोन हंगामांत कयाकवरून, म्हणजे वल्हवायच्या अरुंद होडीतून, मासेमारी करताना मी दोन रॉड पाण्यात घालवले. दोन्ही वेळा माशाशी झुंज चालू नव्हती हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मोठ्या माशाने ओढून नेला असे म्हणण्याची सोयही मला उरलेली नाही. पहिला रॉड आसनामागच्या होल्डरमध्ये उभा होता. काठावरच्या झाडाची एक फांदी पाण्यावर वाकलेली होती, मी डोके खाली घालून तिच्याखालून वल्हवत गेलो आणि बऱ्याच वेळाने हात मागे नेला तेव्हा होल्डर रिकामा होता. दुसरा रॉड मात्र माझ्या डोळ्यांदेखत गेला. माशाच्या तोंडातला गळ सोडवताना मी तो मांडीवर आडवा ठेवला होता. गळ सुटला, माशाने शेपटीचा फटका मारला आणि रॉड कडेवरून घसरला. गळाचा दोर गुंडाळायचे रीळ जड असल्यामुळे मुठीकडची बाजू आधी खाली गेली, रॉड पाण्यात उभा झाला, आणि टोकाची कडी क्षणभर बाहेर राहून मग सावकाश आत गेली. ती हाताच्या अंतरावर होती, पण माझ्या दोन्ही हातांत मासा होता. तेथे खोली साधारण 6 मीटर होती.

आता प्रत्येक वस्तूला दोरी बांधावी असा विचार आहे. परंतु तीन रॉड, जाळी, पक्कड, वल्हे आणि सामानाची पेटी या सर्वांना दोऱ्या लावल्या तर मीच कोळ्याच्या जाळ्यात बसल्यासारखा होईन, आणि तो कोळी मासे धरणारा नसेल. कयाक उलटली तर त्या दोऱ्यांचे काय होते, हा माझा खरा प्रश्न आहे. अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

निरगाठ

आपण दोन्ही प्रसंग नीट सांगितले आहेत, म्हणून उत्तर देणे सोपे झाले. माझ्या पाहण्यात रॉड बहुधा हातात असताना जात नाही. तो एका हातातून दुसऱ्या कामाकडे वळताना जातो, म्हणजे गळ सोडवताना, आमिष बदलताना, जाळी उचलताना किंवा फोटो काढताना. म्हणून कोणती वस्तू महाग आहे यापेक्षा कोणती वस्तू कोणत्या क्षणी बेवारस होते, हे पाहून बांधावे. आपला मांडीवरचा रॉड हे त्याचे नेमके उदाहरण आहे. मांडी हा होल्डर नव्हे. गळ सोडवण्यापूर्वी रॉड समोरच्या होल्डरमध्ये उभा करण्याची सवय लावून घेतली तर निम्म्या दोऱ्यांची गरजच राहणार नाही.

उरलेल्या निम्म्यांविषयी लिहितो. रॉडसाठी मी टेलिफोनच्या वायरीसारखी वेटोळ्यांची लीश, म्हणजे सुरक्षादोरी, वापरतो, कारण ती न ताणता आखूड राहते आणि आमिष फेकताना लांबते. पूर्ण ताणल्यावर ती किती लांब होते हे विकत घेताना पाहावे. आपला हात फेकीच्या वेळी जेथवर मागे जातो त्यापेक्षा ती आखूड असेल तर प्रत्येक फेकीला मनगटाला झटका बसतो, आणि मग माणूस दोन दिवसांत ती काढून ठेवतो. रॉडच्या बाजूने ती रिळाच्या पायाभोवती, म्हणजे रीळ जेथे मुठीवर बसते तेथे, फास घालून अडकवावी. नुसत्या मुठीभोवती बांधलेला फास ओल्या फोमवरून सरकतो.

दुसरे टोक कोठे बांधावे, यात बहुतेकांची चूक होते. ते होल्डरलाच बांधतात. होल्डर जर रुळावर सरकणारा असेल आणि त्याचा स्क्रू सैल झाला, तर रॉड आणि होल्डर दोन्ही जोडीने तळाला जातात. दोरी कयाकच्या अंगाला पक्क्या बसवलेल्या कडीलाच बांधावी. ती कडी आटे पाडत आत शिरणाऱ्या स्क्रूने बसवलेली असेल तर त्यावर विश्वास टाकू नये. कयाकचे प्लास्टिक पातळ आणि मऊ असते, त्यामुळे जोराचा झटका बसला की असा स्क्रू आपल्या भोकासह उखडतो. आतून हात पोचत असेल तर आरपार बोल्ट आणि मोठा वॉशर वापरावा. हात पोचत नसेल तर आतून फुलणारे रिव्हेट वापरावेत, आणि दोन्ही ठिकाणी भोकात सीलंट भरावे.

संथप्रवाह

निरगाठ यांच्या बांधणीच्या सूचना योग्य आहेत, परंतु मी प्रामुख्याने नदीत मासेमारी करतो आणि वाहत्या पाण्यात दोरी ही सामानाची राखणदार असली तरी माणसाची वैरीण होऊ शकते, हे येथे स्पष्टपणे लिहिले पाहिजे. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. उलटलेली कयाक एखाद्या पडलेल्या झाडाला अडकली आणि आपला पाय लीशमध्ये गुंतला, तर आपण स्वतःला हाताने सोडवू शकू अशी आशा करणे व्यर्थ आहे. म्हणून वाहत्या पाण्यात मी एकाही रॉडला दोरी लावत नाही, तरंगा लावतो. रॉड पाण्यात पडला तर तो माझ्याबरोबरच खाली वाहत येतो आणि पुढच्या संथ डोहात सापडतो. एकदा तर तो माझ्या आधी तेथे पोचलेला होता.

कोणतेही पाणी असो, कोणतीही लीश स्वतःच्या मनगटाला, पायाला किंवा जाकिटाला बांधू नये. दोरी कापण्यासाठी बोथट टोकाची सुरी जीवरक्षक जाकिटाच्या छातीवर, दोन्हींपैकी कोणत्याही हाताने निघेल अशी असावी. पेटीतल्या सुरीचा उलटलेल्या कयाकखाली काही उपयोग नाही. आणखी एक बाब पुष्कळांना माहीत नसते. वेटोळ्यांच्या काही लीशमध्ये प्लास्टिकच्या आत पोलादी तार असते आणि ती सुरीने कापली जात नाही. आपल्या लीशमध्ये तार आहे का, हे घरीच तपासून घ्यावे.

नवशिका

तरंगा किती मोठा लागतो? मी रॉडवर फोमचा एक तुकडा बसवला होता, तरी सराव करताना रॉड उथळ पाण्यात सरळ बुडाला.

संथप्रवाह

अंदाजाने तुकडा कापला की असे होते. पाण्यात बुडालेल्या वस्तूचे वजन तिने बाजूला सारलेल्या पाण्याइतके कमी भरते, त्यामुळे 400 ग्रॅमच्या रॉड-रीळ जोडीला 400 मिलिलिटर फोम लागत नाही. माझ्या जोडीला 200 मिलिलिटरच्या आसपास पुरला. परंतु प्रत्येक रिळात धातू आणि प्लास्टिक यांचे प्रमाण वेगळे असते, म्हणून हिशेबापेक्षा पिंपात बुडवून पाहणे उत्तम. पिंपात रॉडचा मुठीकडचा भाग रिळासह सोडावा, जेमतेम तरंगेल एवढा फोम लावावा आणि मग त्याच्या निम्मा आणखी जोडावा. 6.5 सेंटिमीटर जाडीच्या पोकळ फोम नळीचा 10 सेंटिमीटर लांबीचा तुकडा, मधले 2 सेंटिमीटरचे भोक वजा जाता, सुमारे 300 मिलिलिटर भरतो. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्क्यांच्या आसपास जड असते, त्यामुळे गोड्या पाण्यातल्या पिंपात तरंगलेला रॉड समुद्रातही तरंगतोच.

निम्मा फोम जास्त का, तेही सांगतो. मऊ फोम दाबाखाली चेपतो. 10 मीटर खोलीवर एकूण दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. माशाने रॉड तेथवर ओढून नेला तर काठोकाठ मापाचा तरंगा तेथे आपला जोर गमावून बसतो, आणि मासा सुटल्यावरही रॉड वर येत नाही. तरंगा रिळाच्या लगेच पुढे बसवावा, कारण जोडीचे वजन तेथेच एकवटलेले असते. फेकीच्या रॉडवर तो हाताला अडतो, हे मात्र मान्य केले पाहिजे.

खारेपाणी

समुद्रावरचा प्रश्न नदीपेक्षा निराळा आहे. तेथे तरंगणारा रॉड आपल्याबरोबर वाहत येत नाही, कारण वारा कयाकला एका बाजूला नेतो आणि पाण्याचा ओढा रॉडला दुसऱ्या बाजूला नेतो. पाण्यात चपटा पडलेला, टोक तेवढे वर आलेला काळा रॉड लाटांच्या चढउतारात पन्नास मीटरवरून दिसत नाही. म्हणून समुद्रावर मी तरंग्यावर भडक नारिंगी पट्टी लावतो आणि त्याशिवाय लीशही लावतो.

फुटत्या लाटांतून आत जाताना किंवा बाहेर येताना मात्र एकही रॉड होल्डरमध्ये उभा नसावा. तेथे लीश असूनही उपयोग होत नाही. कयाक उलटली की उभा रॉड वाळूत रुततो आणि मोडतो, आणि लीश त्याचे दोन तुकडे इमानाने सांभाळून ठेवते. रॉडचे भाग सुटे करून ते झाकणाखाली कयाकच्या पोटात ठेवावेत. लाटांची रांग ओलांडल्यावर बाहेर काढून जोडायला जी पाच मिनिटे लागतात, त्यांचा कंटाळा करून मी एक रॉड आणि त्यावरचे रीळ गमावले आहे.

गळ मागे सोडून कयाक चालवताना, म्हणजे ट्रोलिंग करताना, रॉड जाण्याचे कारण बहुधा आवळून ठेवलेला ड्रॅग, म्हणजे किती ओढ्याला रिळातून दोर सुटावा हे ठरवणारा ब्रेक, हे असते. मासा लागला आणि दोर सुटला नाही, तर सगळा ओढा होल्डरवर येतो. ड्रॅग सैल ठेवावा आणि दोर सुटताना वाजणारी रिळाची टकटक चालू ठेवावी. रॉड वाकलेल्या अवस्थेत होल्डरमध्ये अडकून बसतो आणि एका हाताने निघत नाही, याचाही सराव असावा. मुठीवरून बंद होणारी कडी असलेला होल्डर ट्रोलिंगला चांगला, फेकीच्या मासेमारीला नकोसा.

खाऱ्या पाण्यात दोरीपेक्षा तिच्या टोकाची कडी आधी दगा देते. किल्ल्यांच्या जुडग्याला लावतात तसल्या स्वस्त कॅराबिनरची स्प्रिंग काही फेऱ्यांतच गंजते. मग ती एकतर उघडत नाही किंवा बंद होत नाही, आणि बंद न होणारी कडी लांबून बंद असल्यासारखीच दिसते. प्रत्येक फेरीनंतर कड्या गोड्या पाण्याने धुवाव्यात. इलॅस्टिकच्या दोऱ्या उन्हाने आतून मरतात. ताणून सोडल्यावर आतले रबर कुरकुरल्यासारखे वाटले की ती दोरी बदलावी.

वल्हेकरी

सर्वांनी रॉडविषयी लिहिले, वल्ह्याविषयी कोणीच लिहिले नाही. रॉड गेला तर तो दिवस वाया जातो. वल्हे गेले तर घरी परतायचे कसे, हा प्रश्न उभा राहतो. वल्हे तरंगते खरे, परंतु मोकळी कयाक वाऱ्यावर त्याच्यापेक्षा वेगाने सरकते, आणि वल्ह्याविना तिला थांबवायला आपल्याकडे फक्त दोन तळहात असतात. म्हणून संथ आणि उघड्या पाण्यात पहिली लीश वल्ह्याला लावावी, आणि तीही कयाकला. माझी लीश समोरच्या होल्डरच्या फार जवळ होती, त्यामुळे एकदा कयाकखाली गेलेल्या माशाने दोर तिच्याभोवती दोन वेढे घालून आणला. तेव्हापासून ती आसनाच्या बाजूला, मागे बांधतो.

नवशिका यांच्यासाठी किरकोळ सामानाविषयी थोडक्यात लिहितो. पक्कड आपोआप आत ओढल्या जाणाऱ्या दोरीवर ठेवावी. मासा पकडायचे तरंगणारे ग्रिप मिळतात, तेच घ्यावेत. आमिषांच्या डब्या नुसत्या आसनाखाली सरकवू नयेत, झाकण असलेल्या क्रेटमध्ये ठेवाव्यात आणि क्रेट चारही कोपऱ्यांनी बांधावा. मासे शोधणाऱ्या यंत्राची 12 व्होल्टची शिशाची बॅटरी दोन किलोंपेक्षा जड असू शकते. ती क्रेटमध्ये मोकळी असेल तर उलटताना झाकण तीच उघडते.

निरगाठ

संथप्रवाह यांच्या आक्षेपावर चार दिवस विचार केला. त्यांचे म्हणणे खरे आहे, पण दोष दोरीचा नाही, दोरीच्या ताकदीचा आहे. आपण सगळे सवयीने पॅराकॉर्ड, म्हणजे पॅराशूटची बारीक नायलॉन दोरी, वापरतो. त्याचा नेहमीचा प्रकार 550 पौंड, म्हणजे जवळजवळ 250 किलोंचा भार सहन करतो. अर्ध्या किलोच्या रॉडसाठी एवढी ताकद कशाला? ती दोरी रॉडला धरून ठेवते तशीच माणसालाही धरून ठेवते.

मी आता प्रत्येक लीश आणि कयाकवरची कडी यांच्यामध्ये 2.5 मिलिमीटर रुंदीच्या केबल टायचा एक वेढा घालतो. असा टाय साधारण 8 किलोंवर तुटतो. रॉडला तो पुरून उरतो, कारण ड्रॅग नीट लावलेला असेल तर तो माशाचा एवढा ओढा रॉडपर्यंत पोचू देत नाही. परंतु माझ्या अंगाचे वजन आणि पाण्याचा ओढा त्यावर आला तर तो तुटतो. अंगणात खांबाला बांधून, कमरेला वेढा घालून नुसता मागे कललो, तेव्हा तो तुटला. उन्हाने हे टाय ठिसूळ होतात, म्हणून हंगामाच्या सुरुवातीला बदलावेत.

संथप्रवाह

हा उपाय मला पटला, संथ पाण्यापुरता. वाहत्या नदीत मी तरीही दोरी लावणार नाही, कारण दोरी तुटण्याआधी ती पायाभोवती आवळली जाते, आणि ती आवळायला 8 किलो लागत नाहीत. नांगराच्या दोरासाठी मात्र माझे मत याहून कडक आहे. तो एका ओढीत सुटलाच पाहिजे, म्हणजे आपले नाव निरगाठ असले तरी तेथे सुरगाठच हवी, आणि दोराच्या टोकाला तरंगा हवा, म्हणजे सोडलेला नांगर नंतर परत घेता येतो. प्रवाहात कयाकच्या बाजूला नांगर बांधणे म्हणजे उलटण्याची तजवीज करणे होय. तो पुढच्या किंवा मागच्या टोकावरूनच सोडावा.

ओलीदोरी

सर्वांचे आभार. येथे वाचून मी एका शांत दिवशी, मित्राला बरोबर घेऊन, छातीभर पाण्यात माझी कयाक मुद्दाम उलटवून पाहिली. दोन्ही रॉड जुने होते आणि त्यांच्यावरचे गळ काढून ठेवले होते. जे दिसले ते जसेच्या तसे लिहितो.

मागच्या होल्डरमधले दोन्ही रॉड उलटताक्षणी आपल्या वजनाने बाहेर आले आणि लीशवर कयाकखाली लोंबकळू लागले. कयाक सरळ करेपर्यंत त्यांची वेटोळी एकमेकांत अशी गुंतली की ती सोडवायला मला काठावर वीस मिनिटे लागली. क्रेट जागेवर राहिला, पण त्याचे झाकण नुसत्या इलॅस्टिकवर होते आणि तीन डब्या तरंगत निघाल्या. त्यातली एक उघडली. पक्कड शाबूत होती, परंतु तिच्या दोरीची कडी जाकिटाच्या पट्ट्यात स्वतःहून अडकली होती, आणि मी पोटावर चढून आत येऊ लागलो तेव्हा तिनेच मला मागे खेचले. पट्टा आणि कडी यांतून बोट घालून ती सोडवताना मी दोनदा परत पाण्यात पडलो. मित्र हसत होता, परंतु खोल पाण्यात एकटा असतो तर त्यात हसण्यासारखे काही नव्हते.

त्यानंतर बदल केले ते असे. सगळ्या लीशच्या कड्या डाव्या बाजूला नेल्या आणि परत चढण्यासाठी उजवी बाजू पूर्ण मोकळी ठेवली. दोन लीश एकमेकींपर्यंत पोचणार नाहीत इतक्या अंतरावर बसवल्या. पकडीची उघडी कडी काढून तेथे फिरकीने बंद होणारी लावली. केबल टाय घातले. दुसऱ्यांदा उलटवली तेव्हा एकाच प्रयत्नात आत चढलो, आणि रॉड डाव्या बाजूला दोन वेगवेगळ्या दोऱ्यांवर होते.

खारेपाणी

उत्तम प्रयोग. आता तो 6 मीटरवरचा रॉड काढण्याचा प्रयत्न केला का? जागेची खूण ठेवली असेल तर शक्यता चांगली असते. काठावरच्या दोन वस्तू एका रेषेत येतात अशी एक दिशा आणि तिला छेद देणारी दुसरी दिशा लक्षात असली की यंत्रावाचूनही जागा सापडते. जड शिशाच्या वर तीन टोकांचे दोन-तीन गळ बांधून तळावरून अगदी सावकाश ओढावे. गळ रॉडला क्वचितच लागतो. लागतो तो रॉडपासून दूर पसरलेल्या दोराला, म्हणून त्या दोराला आडवे जाईल असे ओढावे.

ओलीदोरी

प्रयत्न केला, आणि तीन सकाळी फुकट गेल्यावर चौथ्या सकाळी आपण म्हणता तसेच झाले. गळाला दोर लागला. मी घाईने ओढू लागलो, तर दोर येत राहिला पण रॉड येईना, आणि मग लक्षात आले की तळाशी माझ्याच रिळाचा ड्रॅग सुटत होता आणि मी 6 मीटर खालून फक्त दोर उलगडत होतो. हात थांबवून इतक्या हळू ओढू लागलो की ड्रॅग सुटणार नाही. बऱ्याच वेळाने पाण्यात आधी टोकाची कडी दिसली, मग सगळा रॉड उभाच्या उभा वर आला, जसा गेला होता तसाच. मुठीवर शेवाळ आहे, रॉड शाबूत आहे, रिळाचे हँडल फिरवले की आत वाळू करकरते. ते उघडून कसे साफ करावे, हे विचारण्यासाठी वेगळा धागा काढतो.